जुनी जपानी गिटार सुरात राहत नाही? खुंट्या बदलण्याआधी हे बघा

तारा नव्या, खुंट्या घट्ट, ट्यूनरवर सहाही तारांना हिरवा दिवा. एक गाणं वाजवून होतं न होतं तोच तिसरी तार उतरलेली. ती लावली, ट्रेमोलोची (सूर लहरवायची) दांडी दोनदा हलवली, की आता दुसरी चढलेली. साठच्या दशकातली टेइस्को, गुयाटोन किंवा नावाची पट्टी केव्हाच गळून पडलेली कुठलीही जपानी इलेक्ट्रिक गिटार ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचं रडगाणं हेच असतं. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: नव्या खुंट्या मागवायच्या.

तो उपाय सगळ्यात शेवटी ठेवा. एक तर या गिटारींच्या खुंट्यांची भोकं आणि स्क्रूंची अंतरं आजच्या खुंट्यांशी सहसा जुळत नाहीत, म्हणजे डोक्याला ड्रिल लागणार. आणि एवढं करून गिटार तशीच बेसूर राहण्याची शक्यता मोठी, कारण दोष बहुतेक वेळा खुंटीत नसतोच. तो असतो तारेच्या वाटेवर. खुंटीपासून दांडीपर्यंत जाताना तार कुठेतरी अडकते, किंवा ज्यावर ती टेकलेली आहे ती वस्तूच हलते आणि परत जागेवर येत नाही. नेमकं कुठे, हे तार कोणत्या दिशेने सरकली यावरून कळतं.

एक गोष्ट आधी. तुमच्या मॉडेलसाठी लिहिलेल्या नेमक्या सूचना शोधत बसू नका. टेइस्को ही कंपनी १९४६ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि १९६७ मध्ये पियानोवाल्या कावाईने ती विकत घेतली. मधल्या काळात, त्यातही १९६५ च्या सुरुवातीला 'द व्हेंचर्स' या अमेरिकी गिटार-बँडचा जपान दौरा गाजल्यावर, तिथे इलेक्ट्रिक गिटारींचं अक्षरशः पेव फुटलं. त्याच वर्षी तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने मुलांच्या 'एलेकी'वर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारींवर, बंदी घातली होती, इतकं ते वेड घराघरांत शिरलं होतं. अमेरिकेत जाणारा माल 'टेइस्को डेल रे' नावाने जायचा, आणि त्याच गिटारी सिल्व्हरटोन, किंग्स्टन, ऑडिशन, हाइट डीलक्स अशा कितीतरी दुकानी नावांनीही विकल्या गेल्या. हाताशी जो ब्रिज (तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो) असेल तो लागला, जो ट्रेमोलो असेल तो बसला. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गिटारींचे सुटे भाग वेगळे निघतात. नावावरून नाही, लक्षणावरून शोध घ्यायचा.

माझ्याकडची टेइस्को चार पिकअपची आहे, टोकियोजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातल्या 'जंक' फळीवरून घेतलेली. तिथे जंक म्हणजे हमी नाही, परत घेणं नाही, तक्रार ऐकून घेणंही नाही. पुढचं बरंचसं तिच्यावरच शिकलेलं आहे, बाकी मित्रांच्या गिटारी दुरुस्त करताना.

आधी चाचणी

क्लिपवाला ट्यूनर हवा, सेंट दाखवणारा. एका अर्ध्या स्वरात शंभर सेंट असतात. चार-पाच सेंटचा फरक कानाला खटकेलच असं नाही, पण दोष पकडायला तोच उपयोगी पडतो. तारा नव्या चढवा, हाताने ओढून ओढून त्यांचा ढिलेपणा काढा आणि सहाही तारा लावून घ्या. लावताना नेहमी खालून वर यायचं. तार जास्त चढली तर पूर्ण उतरवून पुन्हा वर आणा, म्हणजे खुंटीच्या दात्यांमधला पोकळपणा मोजणीत येत नाही.

आता दांडीला हात न लावता तिसरी तार सातव्या फ्रेटवर (पडद्यावर) चांगली ताणून सोडा. मोकळी छेडून बघा. उतरली? मग नटच्या (डोक्याजवळची, तारा जिच्या फटींतून जातात ती पट्टी) पलीकडे, म्हणजे नट आणि खुंटी यांच्या मधल्या भागात, तार बोटाने हलकेच दाबून सोडा. ती परत वर आली तर चोर सापडला. ताणताना तार नटवरून ब्रिजच्या बाजूला सरकली आणि सोडल्यावर तिथेच अडकून बसली.

मग दांडी. ती खाली दाबून सोडा आणि सहाही तारा मोजा. इथे तीन वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात. एकदोन तारा चढलेल्या आणि बाकीच्या जागेवर असतील, तर पुन्हा नटच. दांडी दाबली की तारा ढिल्या पडतात, खुंटीकडचा ताण जास्त ठरतो, तार तिकडे ओढली जाते आणि परत यायला नकार देते. चढलेली तार बाराव्या फ्रेटपाशी चिमटीत धरून जरा उचला. जागेवर आली तर खात्री झाली. सहाही तारा एकाच दिशेने, साधारण सारख्याच सरकल्या असतील तर नट निर्दोष आहे. ब्रिज किंवा ट्रेमोलो मूळ जागी परतलेला नाही. आणि काहीच न करता गिटार नुसती स्टँडवर ठेवली तरी तारा हळूहळू उतरत असतील, तर खुंटीवरचे वेढे आणि नेकचे (गिटारच्या मानेचे) स्क्रू बघा.

मोकळी तार सुरात, पण वर वाजवलं की बेसूर, ही तक्रार वेगळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

नट, झीरो फ्रेट आणि ती लोखंडी पट्टी

या काळातल्या पुष्कळ जपानी गिटारींना नटच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट असतो, झीरो फ्रेट. तार टेकते ती त्याच्यावर. नट फक्त तारांमधलं अंतर राखतो. कल्पना चांगली आहे, पण सहा दशकं तारा त्याच जागी घासल्यावर त्या फ्रेटला खाचा पडतात. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. नखानेही खाच लागते. मोकळी तार वाजवली की तंबोऱ्याच्या जवारीसारखी झिणझिण येत असेल आणि पहिला फ्रेट दाबल्यावर ती गायब होत असेल, तर बघायचीही गरज नाही.

खाच उथळ असेल तर तार बाजूला सारून, दोन्हीकडच्या लाकडाला कागदी टेप लावून, १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिशपेपरने फ्रेट गोलाकार घासा. लांबीच्या दिशेने एकदोन हात मारले की चमकतो. आरपार सपाट करायला जाऊ नका. फ्रेटची उंची कमी झाली की मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटला लागायला लागतील आणि मग झीरो फ्रेटच बदलावा लागेल. खाच खोल असेल तर ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याचं.

नटच्या फटींमध्ये ४बी किंवा ६बी पेन्सिलीचं शिसं घासा. सुईच्या टोकावर येईल एवढं व्हॅसलिन लावलं तरी चालतं. गंज सोडवायचं फवारणीचं तेल मात्र इथे नको. ते लाकडात उतरतं आणि धूळ धरून बसतं. ट्यून करताना खुंटी पिळली की 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार फटीत चेपलेली आहे. फटीपेक्षा जाड तारा चढवल्या की हे हमखास होतं.

आता जी गोष्ट जवळपास प्रत्येकाच्या नजरेतून सुटते ती. नटच्या मागे, गिटारच्या डोक्यावर, सगळ्या तारांवरून आडवी गेलेली एक लोखंडी पट्टी किंवा दांडा असतो. दोन स्क्रूंनी आवळलेला. तारा झीरो फ्रेटवर दाबून धरणं हे त्याचं काम. कुणीतरी कधीतरी तो 'घट्ट असलेला बरा' म्हणून शेवटपर्यंत पिळलेला असतो. त्याने तारेला नटवर तीव्र कोन येतो, घर्षण वाढतं आणि वरचं सगळं शिसं-व्हॅसलिन वाया जातं. तारा ढिल्या करून दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सोडा. पुन्हा लावा, पुन्हा तीच चाचणी करा. मोकळ्या तारा झिणझिणायला लागल्या तर पाव फेरा परत आवळा. माझ्या गिटारीचं निम्मं दुखणं एवढ्यावर गेलं. पट्टीच्या पोटाला तारांच्या खाचा पडल्या असतील तर ती काढून तिथेही पॉलिशपेपर फिरवा.

स्क्रूंबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जपानी चौफुली स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात आणि आपल्याकडे दुकानात मिळतो तो फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर. दिसायला जुळे. पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत पूर्ण बसत नाही, आणि जोर लावला की निसटून स्क्रूचं डोकं खातं. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर मागवून घ्या, या गिटारीसाठी तोच सगळ्यात कामाचा खर्च. लाकडातल्या भोकाचे आटे गेले असतील, स्क्रू नुसता फिरत असेल, तर आगपेटीची काडी गुल काढून फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग कापून स्क्रू बसवा.

ब्रिज: हलायचं की नाही ते एकदा ठरवा

सगळ्या तारा एकत्र सरकत असतील तर इथे या. बहुतेक गिटारींचा ब्रिज दोन पायांवर उभा असतो, आणि ते पाय भोकात सैल असतात. ब्रिजच्या पुढच्या-मागच्या बाजूला कागदी टेपचे तुकडे चिकटवून पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. दांडी दाबा, सोडा. ब्रिज रेघेवर परत आला का?

दांडी वापरली की तारांना पुढे-मागे व्हावं लागतं. ते दोनच प्रकारे होऊ शकतं. एक तर तारा ब्रिजवरून घसरतील, नाहीतर तारांना धरून ब्रिज स्वतः डोलेल. दोन्ही चालतात. गोची होते ती दोन्ही अर्धवट असतात तेव्हा: छोट्या चाकांवरून तारा जाव्यात म्हणून केलेला ब्रिज, चाकं गंजून जाम, आणि पाय सैल. मग ब्रिज डोलतो आणि मनाला येईल तिथे थांबतो.

तुमच्या ब्रिजवर चाकं असतील तर ती सोडवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा, टोकदार काडीने फिरवून बघा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी छोटा थेंब. चाकं फिरायला लागली की ब्रिजचे पाय पक्के करा: पायांभोवती नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून भोकात घट्ट बसवा. गोंद नको, टेप केव्हाही काढता येते. चाकं नसतील, तारा खाचांत बसत असतील, तर उलट करा. पायांची टोकं आणि भोकं स्वच्छ करून ब्रिज मोकळा डोलू द्या आणि तारा लावताना तो सरळ उभा आहे ना ते बघा. पुढे झुकलेला ब्रिज परत कधीच जागेवर येत नाही.

जोरात कॉर्ड मारला की सहावी तार खाचेतून बाहेर उडी मारते, हीसुद्धा याच गिटारींची जुनी खोड. ब्रिजवर तारांचा दाब कमी पडतो, कारण ब्रिजमागे तारांचा उतार फार कमी असतो. ब्रिज वर घ्यावा तर तारा नेकपासून लांब जातात. म्हणून नेकलाच थोडी मागे झुकवायची. तारा उतरवा, मागचे चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या. आत आधीच्या मालकाने ठेवलेला पुठ्ठ्याचा कपटा मिळाला तर आश्चर्य नको. नेक ज्या खाचेत बसते तिच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर ठेवायची. अर्ध्या मिलिमीटरची पाचर ब्रिजपाशी साधारण दीड मिलिमीटर उंची मिळवून देते, त्यामुळे सुरुवात एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने करा. शक्यतो पूर्ण खाचेत बसेल अशी, एका बाजूला निमुळती घासलेली लाकडी पाचर चांगली. ती बसवताना नेक बाजूला सरकत नाही ना तेही बघा. सरकत असेल तर पहिली आणि सहावी तार नेकच्या कडेला सारखी राहणार नाही, आणि सूर तर जाणारच.

एवढं करूनही सहाही तारा सरकत असतील तर ट्रेमोलो खोला. ट्रेमोलोच्या पट्टीची धार जिथे टेकते तिथे गंज असेल तर साफ करून चिमूटभर ग्रीस लावा. स्प्रिंग थकली असेल तर तेवढ्याच व्यासाची दुसरी शोधा. पण अपेक्षा माफक ठेवा. या दांड्या व्हेंचर्सच्या जमान्यातल्या, कॉर्डच्या शेवटी सूर किंचित लहरवण्यासाठी केलेल्या. तारा लोंबकळेपर्यंत दांडी दाबायची असेल तर दुसरी गिटार घ्या. दांडी वापरायचीच नसेल तर ट्रेमोलोच्या पट्टीखाली लाकडाचा तुकडा बसवून तो बंद करून टाका, काही बिघडत नाही.

तारा कुठल्या

०.००९ चा (पहिली तार ०.००९ इंच जाडीची) पातळ संच या गिटारीवर लावू नका. हे माझं ठाम मत आहे. त्या काळात जाड तारा लागायच्या आणि तिसरी तार गुंडाळलेली असायची. नटच्या फटी, ब्रिजचा दाब, ट्रेमोलोची स्प्रिंग, सगळं त्या ताणाच्या हिशोबाने केलेलं. पातळ तारांनी ब्रिज हलका पडतो आणि नुसतं बोट जोरात दाबलं तरी सूर चढतो. ०.०११ पासून सुरू होणारा, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा संच घ्या.

वर राहिलेला 'वरच्या फ्रेटवर बेसूर' हा प्रश्नही पुष्कळदा इथेच सुटतो. ब्रिजवरच्या तारांच्या जागा पक्क्या असतील तर त्या गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी ठरवलेल्या असतात. साधी तिसरी तार लावली की ती वर जाता जाता चढत जाते, मग खुंटी कितीही पिळा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर यांची तुलना करा. दाबलेला चढा येत असेल तर टेकण्याची जागा मागे न्यायची, उतरलेला असेल तर पुढे. सुटा ब्रिज असेल तर अख्खा ब्रिजच किंचित तिरपा करून पहिली आणि सहावी तार जुळवा. मधल्या चार तारा पुरेशा जवळ येतात.

हवा

पुण्यातल्या एका मित्राची गिटार जून उजाडला की बिघडायची, तेव्हा त्यानेही दोष खुंट्यांवरच ढकलला होता. लाकूड ओलावा पितं आणि नेक हलते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आणि टोकियोत त्सुयुचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे दिवस, दोन्हीकडे तेच. टोकियोचा कोरडा हिवाळा आणि हीटरची खोली उलट्या बाजूने त्रास देते. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत राहिली तर बरी, म्हणून केसमध्ये सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. एसीच्या खोलीतून स्टेजच्या दिव्यांखाली गेलात तर तारा तापून उतरतात, तो दोष गिटारीचा नाही. दहा-पंधरा मिनिटं तिथली हवा लागू द्या, मग ट्यून करा.

नेक वाकली आहे का ते बघायला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधली फट बघा. साधारण पाव मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर डोक्यावरचं झाकण उघडा. काही गिटारींत तिथे फिरवता येणारा ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारा दांडा) असतो, काहींत नुसता आत बसवलेला लोखंडी दांडा. फिरवता येत असेल तर तारा ढिल्या करून पाव फेरा, मग एक दिवस थांबा. जाम असेल तर जोर करू नका, तुटला की नेक गेली. फिरवायची सोयच नसेल आणि नेक पुढे वाकलेली असेल, तर वरचा तारांचा सल्ला उलटा करावा लागेल: ०.०१० चा संच, आणि ब्रिजवर कमी पडणारा दाब पाचरीने भरून काढायचा.

खुंट्या खरंच गेल्या असतील तर

खुंटीच्या दांड्यावर पेनने ठिपका करा, तार लावा, जोरात वाजवा. ठिपका हलला तरच खुंटी घसरते आहे. त्याआधी मागचे स्क्रू आवळलेले आहेत ना, पितळी दात्यांना तेलाचा थेंब मिळाला आहे ना, आणि साध्या तारांना तीन-चार, गुंडाळलेल्यांना दोन-तीन व्यवस्थित खाली उतरत गेलेले वेढे आहेत ना, ते बघून घ्या. इतकं करूनही ठिपका हलला तर बदला. दांड्याचा व्यास, दोन दांड्यांच्या मध्यांमधलं अंतर आणि स्क्रूंच्या जागा मिलिमीटरमध्ये मोजून मगच मागवा. एकाच पट्टीवर बसवलेल्या खुंट्या असतील तर तशाच पट्टीच्या, जुन्या जपानी गिटारीवरून काढलेल्या शोधा. टोकियोतल्या ओचानोमिझूच्या गिटारगल्लीत आणि जंक फळ्यांवर मोडक्या गिटारींच्या अशा पट्ट्या मिळतात. काढलेल्या जुन्या खुंट्या स्क्रूंसकट पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. एखादी चांगली निघाली तर पुढे तिचे दाते कामाला येतील.